ताण दिलेली झाडं

सौंसरला आमच्या दाराशी कडुनिंब होता. बाबांना दम्याचा त्रास. उन्हाळ्यात घरातल्या टिनाखाली त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून दुपारभर ते निंबाखाली खुर्ची टाकून बसत. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि निंब आडवा झाला.

बाबांची समजूत घालायला वॉर्डातले पुढारी स्वतः आले. कुठंतरी ऐकलेलं भाषण त्यांना अजून पचलं नव्हतं. "काका, म्हातारं झाड कार्बन कमी शोषते. लहान झाडं भराभर वाढतेत, तं जास्त शोषतेत. नवी लावून राहिलो ना आपण." म्हातारा निंब इतकी वर्षं तोच कार्बन ओढून लाकडात साठवत होता, हे त्या भाषणात नसावं. ते लाकूड बोरगावच्या वाटेवरच्या वीटभट्टीत गेलं आणि साठवलेलं सगळं धुरावाटे गावाला परत मिळालं.

नंतर रस्त्याच्या कडेनं निंबाची रोपं लागली. पुढाऱ्यांचा फोटो निघाला, फोटोपुरतं पाणीही पडलं. पुढं कोणी फिरकलं नाही. रोपांनी माना टाकल्या तेव्हा मी पुढाऱ्यांना गाठलं. ते संत्र्याचे बागायतदार. बहार यावा म्हणून बागेचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ताण देऊन राहिलो."

मला संताप आला. ताण फळावर आलेल्या झाडाला देतात, काल लावलेल्या रोपाला नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण उत्तर इतकं सोयीचं होतं की सगळ्या गल्लीनं ते उचललं. रोपाशेजारी उभं राहून लोक बादलीभर पाण्यानं मोटारसायकल धूत आणि म्हणत, त्याचा ताण चालू आहे.

बाबा मात्र रोज दम खात खात तांब्यानं दारच्या रोपाला पाणी घालत. पुढाऱ्यांनी त्यांना टोकलंही, "काका, ताण तोडून राहिले तुम्ही." बाबा पुढचा तांब्या भरायला वळले. असलेला श्वास त्यांना तांब्यासाठी लागत होता.

बाकीची रोपं वाळली. आमचं गुडघ्याएवढं झालं. आता बाबा डोक्यावर दुपट्टा घेऊन भर उन्हात त्याच्याजवळ बसतात. परवा मी चिडलो.

"बाबा, याची सावली तुमच्या चपलेवर बी पडून नाही राहिली. अंदर चला ना."

"सावलीसाठी नाही बसलो बेटा," ते थांबत थांबत म्हणाले. "राखण करून राहिलो. मोठं झालं का तोडाले येतीनच. तवा इथं तू बसजो."