दाभणानं शिवलेलं देऊळ

माणसाला राग येतो. आमच्या थोरल्या मास्तरांच्या बाबतीत रागालाच अधूनमधून मास्तर येत असत. सगळ्या नगर जिल्ह्यात इतका निःस्वार्थी संतापी माणूस दुसरा झाला नसेल. स्वतःसाठी ते कधी चिडले नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचे. त्यांचा सारा संताप गावाच्या इतिहासासाठी, आणि त्यातही प्रवरेकाठच्या आमच्या दगडी चर्चसाठी राखून ठेवलेला होता. कोल्हारच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या मिशनच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, म्हणून ते थोरले मास्तर आणि मी धाकटा. ते तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. मी भिक्षुकीच्या घराण्यातला, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत मिळाली ती नोकरी धरून आलेला.

मनमाडकडे जाणारी सर्व्हिस मोटार फाट्यावर बंद पडली की मास्तरांना सण असे. उतारूंना ते चर्चच्या सावलीत आणत आणि इतिहास सुरू करत. एकदा एक कासार नुसतं पाणी मागायला आला. "आधी हा दगड बघा," मास्तर म्हणाले. कासारानं दगड पाहिला आणि भिडेनं म्हणाला, "छान आहे." झालं! "छान? नदीतून ओढून आणताना बैलांच्या खांद्यांची सालं निघाली, आणि तुम्ही छान म्हणता?" मग त्याला दारावरच्या संगमरवरी पाटीपाशी नेलं. पाटीवर चर्च बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाचं नाव होतं. "एकट्या साहेबानं बांधलं काय हे? पाथरवटाचं नाव नाही, गवंड्याचं नाही. बैलांचं तरी घालायचं होतं!" कासार मान डोलवत राहिला आणि मोटार त्याला सोडून गेली. मग मास्तरांनीच त्याला घरी जेवायला नेलं, आणि जेवताना उरलेला इतिहास सांगितला.

पण या सगळ्या इतिहासाचा गाभा चर्चच्या आत, जमिनीवर होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच जाजम. जाजम हा मास्तरांचा शब्द. होती ती जुनी गोणपाटं, सुतळीनं एकमेकांना जोडलेली. गोणपाट म्हणणाऱ्याशी मास्तर आठवडाभर बोलत नसत. गोष्ट अशी, की गावाबाहेरच्या दोन वस्त्यांतली माणसं ख्रिस्ती झाली, पण एकमेकांच्या हातचं पाणी पिईनात. चर्चमध्ये येत ती आपापलं गोणपाट घेऊन. एक वस्ती डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये उघड्या फरशीचा पट्टा. तेव्हा मास्तरांच्या आजीनं धुवायच्या निमित्तानं सगळ्यांची गोणपाटं गोळा केली आणि दाभण घेऊन सगळी एकात एक शिवून टाकली. रविवारी लोक येऊन बघतात तो कुणाचं कुठलं ते ओळखेना. चरफडले आणि बसले. "साहेबानं नुसत्या भिंती घातल्या," मास्तर म्हणत. "देऊळ आमच्या आजीनं दाभणानं शिवलं."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जाजम संपतं तिथं, दाराजवळच्या उघड्या फरशीवर बसलो. सवयीनं बसलो असं म्हणण्यात अर्थ नाही. तिथंच बरं वाटलं म्हणून बसलो. मास्तर गाणं थांबवून मागे वळले. "धाकटे, आत सरका. आजी रागावेल." सगळे हसले. मी सरकलो, पण एक मांडी फरशीवरच ठेवली.

लढाई संपली आणि नवे पाद्रीसाहेब आले. भले माणूस, पण त्यांनी नगरहून बैलगाड्या भरून सागवानी बाकं आणवली. "मास्तर, शहरात सगळीकडे बाकं आहेत. आपणच मागासलेले का राहायचं?"

"बाकाला टोक असतं, साहेब. टोकाला कोण बसणार ते आत्ताच सांगून ठेवा."

"गैरसमज होतोय तुमचा."

"मास्तर, गुडघं लई दुखत्यात हो," मागून म्हातारी सारजाबाई म्हणाली. "देवापुढं बसलं की उठाया दोन मानसं लागत्यात. बाक बरं हाय."

"तुझ्याच आजीचं गोणपाट आहे गं यात!"

"व्हय, पन गुडघं माझं हायती."

मास्तरांना त्या गुडघ्यांचाही राग आला.

जाजम गुंडाळून कोपऱ्यात गेलं. पहिल्या रविवारी लोक हौसेनं बाकांवर बसले. कुणी काही सांगितलं नव्हतं; तरी एक वस्ती डावीकडे बसली, एक उजवीकडे, आणि मध्ये पाद्रीसाहेबांसाठी राखलेली वाट. तोच जुना पट्टा! माझंसुद्धा डोकं सणकलं. मास्तरांनी जाजम ओढत आणलं, ती वाट गुंडाळीनं बुजवली आणि वर मांडी घालून बसले. पाद्रीसाहेबांना भिंतीच्या कडेनं, तिरपं होऊन जावं लागलं. असे कितीतरी रविवार. पाद्रीसाहेब रडकुंडीला आले; मास्तरांना चर्चच्या मंडळीतून काढायची भाषा सुरू झाली.

तोड सारजाबाईनं काढली. "पाद्रीबाबा, फरशीनं पाय गार पडत्यात. जाजम खाली घाला, बाकं वर ठिवा. आन मास्तर, तुमी त्या बाकावर बसा की आमच्यात! बाक काय चावतंय व्हय?"

"आजीच्या जाजमावर लाकडाचे खूर!" मास्तर कडाडले. पण दुसऱ्याच दिवशी मी पाहिलं, तर ते बाकांखाली पालथे पडून, खुरांनी उसवलेलं शिवत होते. तोंडात सुतळी होती, त्यामुळे शिव्या नीट ऐकू आल्या नाहीत. पुढच्या रविवारी ते सारजाबाईशेजारी बसले, साऱ्या अंगानं नाराज. "वर कुठंही बसा," मला म्हणाले. "पाय तर एकावरच आहेत."

आता मास्तर नाहीत. दोन्हीकडची माणसं थोडीफार मिसळली आहेत. सगळी नाहीत, आणि त्याचा राग यायला आता कुणी उरलेलं नाही. कधी गावी गेलो तर मी दारात चपला काढतो आणि आत जाऊन बाकावर अगदी मध्ये बसतो. एखादी सुतळीची गाठ तळव्याला टोचते. मी पाय काढून घेत नाही.