काका आधीच खुनी सांगायचे

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये फौजदार म्हणून रिटायर झालेले एक काका राहायचे. रविवारी दुपारी जेवण झालं की मी त्यांच्याकडे टीव्हीवर थ्रिलर बघायला जायचो. अर्धा सिनेमा व्हायच्या आत ते खुनी कोण ते सांगून मोकळे व्हायचे आणि माझं डोकं फिरायचं. "काका, तुमच्याबरोबर बघण्यात काही मजाच नाही," असं म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा हजर! काकू हसायच्या आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे करायच्या.

एकदा सिनेमातला इन्स्पेक्टर लाच खाऊन एका निरपराध पोराला खुनात अडकवत होता. पट्ट्याने मारून कबुली घेत होता. अर्धा सिनेमा झाला तरी काकांनी खुनी सांगितला नव्हता. मी मुद्दाम डिवचलं, "काय काका, आज हरलात?"

टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "चुकीचं दाखवतायत. हात लावायची गरजच पडत नाही. त्याच्या आईला आणायचं, समोरच्या बाकावर बसवायचं, चहा पाजायचा. मग पोरगा सांगाल तिथे सही करतो."

काकूंनी उठून टीव्ही बंद केला.

काका आता नाहीत. मी एकटाच थ्रिलर बघतो, खुनी शेवटपर्यंत ओळखता येत नाही आणि काकांची फार आठवण येते. फक्त चौकीतल्या बाकावर एखादी आई चहाचा कप धरून बसलेली दिसली, की पुढचं सगळं मला आधीच कळतं.