कंपाउंडरांनी मोडलेला उपास

चहाचा कप हातात आला की आमचे कंपाउंडर आधी कपाळाला, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना बोटं लावायचे. एवढं झालं की आमच्याकडं बघून म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या." जणू आम्हीच त्यांच्यासाठी थांबलो होतो. खरं तर तोवर आमचा चहा संपलेला असायचा.

अणदूरच्या सरकारी दवाखान्यात ते औषधं द्यायचे, मी शाळेत शिकवायचो आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. निजामी गेल्यावर बाहेरगावचे नोकरदार आमच्याकडं येऊ लागले, त्यातलेच हे एक, वसईकडचे. गावात ख्रिस्ती घर तेवढंच. चर्च थेट सोलापूरला. घरात बायको, आठ वर्षांची फिलोमिना आणि एक धाकटा मुलगा. फिलोमिना हे नाव काही माझ्या आईला पेललं नाही. तिनं पहिल्याच दिवशी त्याचं "मीना" करून टाकलं, आणि महिन्याभरात कंपाउंडरही मुलीला मीना म्हणू लागले.

दिवेलागणीला आई तुळशीपुढं दिवा लावायची, तेव्हा भिंतीपलीकडं जपमाळ सुरू व्हायची. "नमो मारिये..." कंपाउंडरांचा आवाज खणखणीत, बाईंचा बारीक, पोरांचा पेंगुळलेला. धाकटा दोनचार मणी हळूच गाळायचा. लगेच ऐकू यायचं, "मागं चला." मी शाळामास्तर असून सांगतो, इतक्या शांतपणे चूक दाखवणं मला जन्मात जमलं नाही.

मध्येच कुणी पेशंट दारात आला तर ते उठून औषध द्यायचे, पण ओठ हलत राहायचे. गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. एकदा एक म्हातारी औषधाची बाटली परत घेऊन आली.

"सायेब, हे सकाळी दिल्यालं हाय. ह्यात मंतर न्हाय पडला. टाका की."

कंपाउंडर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, तुम्ही खंडोबाचं नाव घ्या, मी माझ्या देवाचं घेतो. डोस मात्र तीन वेळा."

म्हातारी बरी झाली. गुण कुणाचा, यावर गावात बरेच दिवस वाद चालला.

मूल कळतं झालं की चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभूचा प्रसाद घेतं. त्याला ते पहिलं कम्युनियन म्हणायचे. त्यांच्या घरातला तो मोठा सण. मीनाची तयारी वर्षभर चालली होती. जपमाळेनंतर वडील प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची, आणि ऐकून ऐकून निम्मी मलाही पाठ झाली होती. बाईंनी स्वतःच्या लग्नाचा पांढरा झगा कापून तिला फ्रॉक शिवला. सोलापूरची वीसेक मुलं आणि आमची मीना, सगळ्यांचा एकच दिवस ठरला.

त्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं मलाही सोलापूरला जायचं होतं. बाई धाकट्याला घेऊन पुढं गेल्या होत्या. कंपाउंडर आणि मीना निघाले, तर माझी आई वाटी घेऊन दारात उभी. चांगल्या कामाला निघालेल्या लेकराच्या हातावर दही-साखर घालायची, ही आमची रीत. मीनानं हात पुढं केला आणि चाटून मोकळी झाली. मावशी देतील ते घ्यावं, नको म्हणू नये, हे तिला वडिलांनीच शिकवलेलं होतं.

कंपाउंडरांचा हात मुलीकडं झेपावला आणि मध्येच थांबला. माझ्या आईचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं, आणि तोच हात पुढं पसरला. "मावशी, मला न्हाय का?"

आई खूश झाली. त्यांनी दही खाल्लं.

मोटार नळदुर्गच्या पुढं गेल्यावर मीनाला आठवलं, आणि ती हमसून रडू लागली. तेव्हा कुठं मला कळलं. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात न घेता तो प्रसाद घ्यायचा, असा त्या काळी त्यांच्यात कडक नियम होता. वर्षभराची तयारी आमच्या चमचाभर दह्यानं पाण्यात गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीसुद्धा खाल्लंय की," ते मीनाला म्हणाले. "आज आपण दोघं मागच्या बाकावर बसू. पुढच्या महिन्यात दोघं जाऊ." मग माझ्याकडं वळले. "मास्तर, मावशींना मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

त्या दिवशी वीस मुलं रांगेनं पुढं गेली, आणि पांढऱ्या फ्रॉकातली आमची मीना वडिलांचा हात धरून मागं बसून राहिली.

पुढच्या महिन्यात आई पुन्हा वाटी घेऊन दारात. या वेळी कंपाउंडर तिच्यापुढं थांबले.

"मावशी, दही आल्यावर खाऊ. हा प्रसाद उपाशीपोटी घ्यायचा असतो."

आईनं वाटी मागं घेतली. "आगं बया! म्हंजी मागल्या टायमाला म्या..."

"मागच्या वेळी तुमच्या हातचं घेतलं," ते म्हणाले, "आज देवाच्या हातचं घेऊ. बिघडलं काय त्यात?"

आई वाटी घेऊन आत गेली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली ती आमच्यापुरती. स्वतः पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी रागावलो, तर म्हणाली, "लेकरू उपाशी हाय तवर मी कशी खाऊ?"

दुपारी मोटार आली. मीना धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "मावशी, मिळाला!" आईनं तिला जवळ घेऊन दही-साखर भरवली, मग कंपाउंडरांपुढं तांब्या धरला. त्यांनी तो घेतला नाही. आईच्या सुकलेल्या ओठांकडं बघत म्हणाले, "आधी तुम्ही."

पुढं त्यांची बदली भूमकडं ईटला झाली, आणि भिंतीपलीकडं कुणी तलाठी राहायला आला. चांगला माणूस होता, पण मला काही त्याची सवय झाली नाही. कंपाउंडर आठवतात ते त्या दुपारचे. उन्हात, कोरड्या तोंडानं ओट्याखाली उभे, आणि माझी आई तांब्यातलं पाणी पिऊन संपवेपर्यंत थांबलेले.