आधी चुकलेलं सांगा

विरुपाक्ष उंबरजे यांनी जनावरांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. चाटी गल्लीत कापडाचं चालतं दुकान, घरात रोजची लिंगपूजा, आणि थोरला मुलगा मुंबईला जाऊन म्हशींच्या पोटात हात घालायला शिकणार, हे त्या भल्या माणसाच्या पचनी पडेना. मुलगा शिकून आला, सोलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात लागला, तरी वडील पाहुण्यांना एवढंच सांगत की मुलगा सरकारी नोकरीत आहे. कसल्या, ते सांगत नसत.

त्यात मुलानं आणखी भर घातली. बैल-म्हशींवर उपचार करणाऱ्याला निदान शेतकरी रामराम तरी करतो. पण ह्यांचा जीव कुत्र्यामांजरांत आणि शेळ्याकरडांत. त्या काळी कुत्रं दवाखान्यात आणलं तर मलमपट्टी करणारा ड्रेसरसुद्धा तोंड फिरवून हसे. हे मात्र पालावरच्या कुत्र्याचीही नाडी त्याच्या मांडीच्या आत बोटं ठेवून, खिशातलं घड्याळ काढून मोजत. लोक हसून दमले आणि मग आपापली कुत्री घेऊन येऊ लागले. हळूहळू सगळं गाव त्यांना अण्णा म्हणू लागलं.

अण्णांचं खरं कर्तृत्व मात्र महिन्याच्या शेवटच्या रविवारी दिसे. त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर जिल्ह्यातले जनावरांचे डॉक्टर जमत. बार्शी, सांगोला, करमाळा, अक्कलकोट, ज्याला जशी गाडी मिळेल तसा तो येई. वरून तसा हुकूम नव्हता, अण्णांनीच ही बैठक सुरू केली होती. कॉलेज सुटलं की माणूस शिकायचा थांबतो आणि पुढं वीस वर्षं एकच चूक अनुभव म्हणून मिरवतो, असं ते म्हणत. आधी अण्णा इंग्रजी मासिकातला एखादा लेख मराठीत समजावून देत, मग प्रत्येकानं आपापलं जनावर मांडायचं. अट एकच होती. आधी चुकलेलं सांगायचं, बरं केलेलं मागून. ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही, ‘असं कसं केलंत’ म्हणायचं नाही. काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, एवढंच विचारायचं.

ही अट सगळ्यांनाच जड जाई, पण अक्कलकोटकडच्या गुरप्पांना जरा जास्तच. ते वयानं सगळ्यांत मोठे, पेन्शनीला टेकलेले, मिशा भरघोस. त्यांची चूक दर महिन्याला एकाच मापाची असे. पट्टी सैल राहिली, नाहीतर घोड्याला पेंड जास्त झाली. त्यांच्या मिशांकडे बघून कुणी पुढं विचारत नसे.

एकोणीसशे चौतीस साली दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, मायाक्का नावाची धनगराची बाई आपलं कुत्रं घोंगड्यात गुंडाळून दवाखान्यात आली. तिची मेंढरं होटगीच्या माळावर उतरली होती. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती. घशात हाडूक अडकलंय, दोन दिवस पाणीसुद्धा उतरत नाही, असं ती म्हणाली. कुत्रं बिचारं इतकं गरीब, की अण्णांनी डोक्यावर हात ठेवताच शेपूट हलवायला लागलं.

अण्णांच्या घरात सात पिढ्यांत हाड शिरलेलं नव्हतं, पण कुत्र्यांच्या घशातून त्यांनी डझनांनी हाडं काढली होती. त्यांनी बाही वर सारली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. हाड लागेना. घसाही बोटांना आवळेना, कुत्र्याला उमासा येईना. हे त्यांना जाणवलं, नाही असं नाही, पण दोन दिवसांच्या उपासानं जनावर गळून गेलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हात काढताना बोटाच्या पेराला दात लागून खरचटलं. टिंक्चर लावलं आणि पुढची शेळी घेतली.

गुरुवारी सकाळी मायाक्का एकटीच आली. कुत्रं मेलं होतं. "चावलं न्हाय, भुकलं न्हाय. गप पडून ऱ्हायलं आन गेलं की," ती म्हणाली.

ते ‘गप’ ऐकलं आणि अण्णांनी आपल्या बोटाचं खरचटलेलं पेर बघितलं. कुत्रं पिसाळतं ते दोन तऱ्हांनी. एक सगळ्यांना ठाऊक असतं: सैरावैरा धावतं, दिसेल त्याला चावतं. दुसऱ्या तऱ्हेचं कुत्रं मुकं होतं. धावत नाही, चावत नाही, चावूच शकत नाही, कारण जबड्याचं बळ जातं आणि तो लोंबतो. बघणाऱ्याला वाटतं, हाड अडकलंय. लाळेत मात्र तेच विष असतं. हे सगळं दोन वर्षांपूर्वी खुद्द अण्णांनी ह्याच ओसरीवर मासिकातून वाचून दाखवलं होतं. मासिकातलं कुत्रं विलायतेतलं होतं, मायाक्काचं शेपूट हलवत आलं. एवढ्यात सगळा फरक पडला.

दुसऱ्याच दिवसापासून अण्णा आणि मायाक्का दोघंही सरकारी इस्पितळाच्या बाकावर बसू लागली. पोटात रोज एक सुई, असे चौदा दिवस. मायाक्का यायला तयार नव्हती. मलाही घ्यावी लागतेय, असं अण्णांनी सांगितल्यावर ती निघाली. त्या बाईला आडपडदा म्हणून नव्हता. शेजारी कुणीही बसलं की ती सांगे, "म्या बी हात घातला, ह्या डाक्टरांनी बी घातला. कुणालाच वळखू आलं न्हाय."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं होई. ओळखीचं कुणी भेटलं की ते स्वतः म्हणत, पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्यात खोटं फारसं नव्हतं. दात लागला होता, कुत्रं पिसाळलेलं होतं. आणि कुत्रं चावणं हा जनावरांच्या डॉक्टरच्या कपाळी लिहिलेला अपघातच. त्यात लाज कसली? उलट लोक हळहळत.

रविवार दोन दिवसांवर आला होता. बैठकीतही हेच सांगावं, असं त्यांच्या मनानं जवळजवळ घेतलं होतं. बावीस वर्षांची नोकरी, जिल्हाभर नाव, आणि ज्या रोगावर आपण व्याख्यान दिलं तोच रोग समोर शेपूट हलवत उभा असताना ओळखता आला नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बायको शरणम्मा हिला सगळं ठाऊक होतं. तिनं उपदेश केला नाही. शनिवारी जेवण वाढताना एवढंच विचारलं की त्या बाईसारखं सांगायला तुम्हांला जमेल का. अण्णा भात न घेताच पानावरून उठले.

रविवारी ओसरीवर आठ जण जमले. करमाळ्याचा शिवशरण त्या दिवशी कधी नव्हे तो पुढच्या खुर्चीत बसला होता. नोकरीला लागून त्याला वर्ष झालं होतं आणि आजवर बैठकीत त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र त्याच्याकडे सांगण्याजोगं यश होतं. पट्टी कशी बांधली, त्याचं चित्रसुद्धा त्यानं काढून आणलं होतं.

पहिली पाळी अण्णांची. "परवा मला पिसाळलेलं कुत्रं..." एवढं बोलून ते थांबले. पुढचा शब्द तयार होता, पण तो त्यांनी गिळला. मग खुर्चीत सरळ बसून म्हणाले, "नाही. कुत्रं मला चावलं नाही. मी त्याच्या तोंडात हात घातला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. लोंबणारा जबडा, गळणारी लाळ, हलणारं शेपूट, बोटांना न आवळणारा घसा. तो घसा जाणवूनही आपण दुर्लक्ष केलं, हे तर दोनदा सांगितलं. कुणी हसलं नाही. गुरप्पा मान खाली घालून बसले होते.

शिवशरण उठला आणि मागच्या हौदाकडे गेला. बराच वेळ येईना, म्हणून अण्णा बघायला गेले, तर हा कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होता, धुवून पुन्हा घासत होता.

"अण्णा," तो म्हणाला, "केमला एक कुत्रं आहे. ते चावत नाही."

गोजाबाई नावाच्या शेतकरणीचं ते कुत्रं. चार दिवसांपूर्वी शिवशरणनं त्याचा जबडा निखळला असं ठरवून तो वर बांधून दिला होता. यश सांगायला आणलं होतं ते हेच. गोजाबाई रोज पट्टी सोडून, बोटांनी त्याच्या तोंडात आंबील सोडत होती आणि तिचे दोन नातू कुत्र्याला मांडीवर घेऊन बसत होते. पिसाळलेलं कुत्रं चावलं एवढंच अण्णांनी सांगितलं असतं, तर शिवशरणनंही बाकीच्यांसारखी हळहळ केली असती, चित्र दाखवलं असतं, शाबासकी घेतली असती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला असता.

अण्णांनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. कुत्र्याला कुणी हात लावू नये असा निरोप गोजाबाईला द्यायला केमच्या स्टेशनमास्तरांना तार केली आणि दुपारच्या पॅसेंजरनं शिवशरणबरोबर स्वतः गेले. दोघं पोचेपर्यंत कुत्रं मेलं होतं. गोजाबाईला काही केल्या पटेना. अंगावर एक ओरखडा नाही, मग सुया कशाला? शेवटी अण्णांनी सदरा वर करून आपल्या पोटावरचे सुजलेले डाग दाखवले आणि मीही तुझ्यासारखाच फसलो, म्हणाले. ती नातवंडांना घेऊन निघाली. चौदा दिवस ती तिघं आणि शिवशरण अण्णांच्याच घरी राहिली. शरणम्मानं भाकरी थापता थापता कधी कपाळाला आठी घातली नाही. सगळी सुखरूप राहिली. मायाक्काही चौदावी सुई घेऊन आपल्या मेंढरांमागं निघून गेली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, आधी कोण सांगणार? कधी नव्हे ते गुरप्पा म्हणाले, मी सांगतो. सगळ्यांना वाटलं, पट्टी सैल राहिली असेल.

"वीस वर्षं झाली," गुरप्पा म्हणाले. "एका साहेबाच्या बंगल्यावर कुत्र्याला बघायला बोलावलं होतं. जबडा असाच लोंबत होता. मला हाडच वाटलं. माझा हात जाड, म्हणून मी घोड्याच्या मोतद्दाराला हात घालायला सांगितलं. त्याला दात लागला. मी मलम दिलं. दीड महिन्यानं तो पाण्याला बघून किंचाळायला लागला आणि तिसऱ्या दिवशी गेला."

गुरप्पा अण्णांकडे वळले.

"तू तो लेख वाचलास, तेव्हा मी इथंच बसलो होतो, विरुपाक्षा. त्या दिवशी हे सांगितलं असतं, तर तुझा हात त्या तोंडात गेला नसता."

अण्णांच्या बोटावरचा व्रण अजून ताजा होता. त्यांना राग यायला हवा होता, आणि आला असता तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण हा माणूस वेगळ्याच मातीचा होता. त्यांनी आपली खुर्ची ओढून गुरप्पांच्या शेजारी घेतली आणि बैठकीत दर वेळी विचारत तेच विचारलं. काय दिसलं होतं, काय दिसायला हवं होतं. गुरप्पा एकेक आठवून सांगत गेले, बाकीचे लिहून घेत गेले.

शेवटी अण्णांनी मोतद्दाराचं नाव विचारलं. गुरप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"बिरदेव," ते म्हणाले. "वीस वर्षांत आज पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं."