शत्रुपक्षाची सही

माझी मुलगी जन्मली कॅनडात. कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं, परतताना आम्ही तिचा तिथला पासपोर्ट घेऊन आलो आणि नातेवाइकांत मी तो फार मिरवला. सिंगापूरला आल्यावर त्याची मुदत संपत आली, तेव्हा मिरवणं अंगाशी आलं. नव्या पासपोर्टच्या अर्जावर गॅरंटरची सही हवी होती. मला किमान दोन वर्षं ओळखणारा, नात्यातला नसलेला आणि त्यांच्या यादीतल्या व्यवसायाचा. यादीत न्यायाधीश होते, पोलीस होते, डॉक्टर, डेंटिस्ट होते. कॉम्प्युटरवाला एकही नव्हता. आणि माझा गोतावळा म्हणजे गणपतीच्या आरतीला जमणारी वीस-बावीस घरं, झाडून सगळी कॉम्प्युटरवाली. एक जहाजावरचा चीफ इंजिनिअर होता, पण तो यादीतही नव्हता आणि जमिनीवरही.

पासपोर्ट नाही तर मुलीचा डिपेंडंट पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढणार नाही. पास नाही तर शाळा नाही. हातात पाच आठवडे.

"समोरच्या बाई डेंटिस्ट आहेत की," बायको म्हणाली.

समोरच्या! बुकित पंजांगच्या आमच्या नवव्या मजल्यावर माझी एकमेव शत्रू राहते, ती समोर. कारण कुरडया. आईला फोनवर विचारून विचारून मी गहू तीन दिवस भिजवले, त्या आंबूस वासाने बाई पहिल्यांदा चिडल्या. मग मी भर कॉरिडॉरमध्ये चादर अंथरून कुरडया वाळत घातल्या आणि क्लिनिकला निघालेल्या बाईंचा पाय नेमका त्यावर पडला. त्यांनी भिंतीवर चिठ्ठी डकवली : ही वाट लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे. मी खाली दुसरी डकवली : ऊन सर्वांचं आहे. खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट. नियम त्यांच्या बाजूने होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून काय झालं?

"जा आणि आधी माफी माग," बायकोने बजावलं आणि हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला.

मुलीला घेऊन मी बेल वाजवली. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"हे काय?"

"लाडू."

"साखर? डेंटिस्टला?"

डबा मी पाठीमागे लपवला. "तुमची सही हवी आहे. माफी मागायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो."

"बाबा नेव्हर से सॉरी वन, आंटी," मुलीने अस्सल सिंगापुरी इंग्रजीत घरचा आहेर दिला.

बाईंनी आम्हाला आत घेतलं. मी अर्ज पुढे केला.

"सही केली तर कॉरिडॉर मोकळा ठेवशील?"

"नाही."

मुलीने माझा शर्ट ओढला. मलाही ते कळत होतं, पण जीभ एकदा सुटली की माझं ऐकत नाही.

"मग मी सही का करू?"

"कारण तुम्ही मला ओळखता. इथे तेवढंच विचारलंय. मी चांगला आहे का, असं कुठेच विचारलेलं नाही."

बाईंनी चष्मा लावला आणि अर्ज ओळ न् ओळ वाचला. एक्स-रेत कीड शोधावी तसा.

"खरंच नाही विचारलेलं," त्या म्हणाल्या. स्वर किंचित खट्टू.

मग त्या आतून एक फाइल घेऊन आल्या. माझ्याविरुद्धच्या तक्रारींची. तारीखवार लावलेली! सर्वांत जुनी तक्रार काढून त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि लिहिलं : ओळख तीन वर्षं, चार महिने. माझ्या बावीस घरांतल्या कुणालाही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं. अर्जासोबतच्या फोटोच्या मागे सही करण्याआधी त्यांनी मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"चेहरा बरोबर आहे. खालचे दात वाकडे येतायत. ब्रेसेस लागतील, लाह," बाईंनी सिंगापुरी शेपूट जोडलं.

घरी बायको दारातच उभी होती. "माफी मागितलीस?"

"सही आणली."

पासपोर्ट वेळेत आला, पास वाढला, शाळा सुरू राहिली. मुलगी नवा पासपोर्ट दाखवायला समोर गेली आणि तासभर तिथेच रमली. येताना तिने बाईंची नवी तक्रार आणली, माझ्या नावे, पाकिटात. मी आभाराचं पत्र लिहिलं आणि त्याच पाकिटात तक्रारीचं उत्तरही घातलं. दोन पानी.