हुकूम माझाच होता

पुणे स्टेशनवर गाडी सुटायच्या बेतात होती. आई डब्याच्या दाराशी उभी राहून मेतकुटाची बरणी माझ्या हातात कोंबत म्हणाली, "मंजू, परक्या गावात कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. आपलं काम करायचं आणि घरी यायचं." बाबा नुसतेच मान हलवत होते. तेव्हा मला आईचं बोलणं शहाणपणाचं वाटलं होतं.

आता हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहून इतकी वर्षं झाली की पुण्यात आले की माझ्या तोंडचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून तुम्ही सगळी भावंडं हसता. भाजीवाली मला अम्मा म्हणते, मीही तिला तेलुगूत घासाघीस करून उत्तर देते. लेक मराठी पाटी अक्षर अक्षर लावत वाचते. हे सगळं तुम्हाला गमतीचं वाटतं. पण चांगली चाललेली नोकरी मी का सोडली, हे तुम्ही दर फोनवर विचारता आणि मी टाळते. म्हणून एकदाच नीट सांगते.

शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात परदेशी पेशंटची व्यवस्था बघायचं माझं काम होतं. अरबी बोलणाऱ्यांसाठी हलीमा नावाची दुभाषी होती. फार्मसी शिकायला ती तांबड्या समुद्रापलीकडून हैदराबादला आली होती. तिचं शिक्षण चालू असतानाच तिकडे युद्ध पेटलं आणि परत जायला गावच उरलं नाही. मी डब्यात थालीपीठ नेलं की ती अर्धं हक्काने घ्यायची. मला दीदी म्हणायची.

एक दिवस तिच्याच देशातले एक जनरल हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी येणार असल्याचं कळलं. शाल, गुलदस्ता, फोटोवाला, सगळी तयारी झाली. हलीमाने मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दीदी, ये वोइच है."

हा माणूस आधी एका टोळीचा कमांडर होता. गावातून निसटलेल्या बायकांनी हलीमाला त्याचे फोटो पाठवून सगळं सांगितलं होतं. त्याच्या लोकांनी हलीमाच्या गावाला वेढा घातला, बायकामुलांना हुसकावलं, पुरुषांना शाळेच्या मैदानात उभं केलं. त्यात तिचा धाकटा भाऊ इद्रिस होता. त्यानंतर त्याला कुणीच पाहिलं नाही. पुढे सरकारशी समझोता झाला, आणि ज्याला पिंजऱ्यात उभं करायचं त्याला गणवेश मिळाला, मग पदकं, मग मोटारींचा ताफा. गाव जाळणं ही त्याच्या नोकरीतली पहिली पायरी ठरली! हे लिहितानाही माझं डोकं तडकतं.

मी म्हटलं, "तू येऊ नकोस, मी दुसरा दुभाषी बघते."

"नक्को दीदी. मैंच जाऊंगी."

जनरलच्या खोलीत, डॉक्टर आणि मी समोर असताना, तिने शस्त्रक्रियेआधीचं सगळं बोलणं चोख भाषांतरित केलं. कुठल्या गोळ्या बंद करायच्या, काय धोका आहे, भूल किती वेळ राहील, सगळं. आवाज जराही हलला नाही. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "त्यांना आणखी काही विचारायचंय का?" तिने ते अरबीत सांगितलं. तो नाही म्हणाला. मग ती म्हणाली, "मला विचारायचंय." आणि तिने आपल्या गावाचं नाव घेतलं, भावाचं नाव घेतलं, आणि त्याला कुठे पुरलं ते विचारलं. नंतर तेच आमच्यासाठी इंग्रजीतही सांगितलं.

जनरल चिडला नाही. तो हसला. आणि आम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाला, "युद्ध होतं, बाई. हुकूम माझाच होता. नावं कोण लक्षात ठेवतो?"

संध्याकाळच्या आत हलीमाला कामावरून काढलं. पेशंटला त्रास दिला म्हणून! आमचे मॅनेजर विषय झटकत मला म्हणाले, "लाइट लो मॅडम. उनकी लडाई, हमना क्या करना?" तिच्या जागी दुसरा माणूस आला, शस्त्रक्रिया उत्तम झाली, शाल पांघरून फोटोही निघाला.

परदेशातला एक वकील अशा गुन्ह्यांच्या साक्षी गोळा करत होता, हे हलीमाला ठाऊक होतं. आमच्याच घराच्या हॉलमध्ये बसून तिने व्हिडिओवर साक्ष दिली. त्या खोलीत हजर असलेला कुणी दुजोरा देईल का, असं वकिलाने विचारलं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तुम्हीही ऐकलेलं नाही, समजलं का?" एवढे शिकलेले, एवढ्या नावाचे! मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि वकिलासमोर बसून शब्दन् शब्द सांगितला.

हे मी फक्त आईला कळवलं होतं. तिचा फोन आला. "काय गं हे? तुझा काय संबंध त्या लोकांशी?"

"आई, तो माझ्यासमोर बोलला."

तो काय बोलला ते तिने माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मुलीला जेवायला बोलाव."

जनरलला शिक्षा झालेली नाही. उलट त्याला बढती मिळाली, टीव्हीवर शपथ घेताना दिसला. वकील म्हणतो, आता तो युरोपात पाऊल ठेवायला घाबरतो, कारण तिथे अटक होऊ शकते. एवढंच हाती आलं. मला ते पुरत नाही, आणि पुरतं असं कुणी सांगू नये.

हलीमा आता दिलसुखनगरला एका औषधांच्या दुकानात काम करते आणि रविवारी आमच्याकडे येते. मला पुण्याची आठवण आली की मी रात्रीच्या गाडीत बसते आणि सकाळी तुमच्या दारात उभी राहते. माझ्या घरची ओढ एका तिकिटात भागते. तिचं घर ज्याने जाळलं, तो बरा होऊन स्वतःच्या घरी गेला. ती मात्र जाऊ शकत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की पुणं तुझं घर की हैदराबाद, तर माझं उत्तर आता एवढंच आहे: ज्या घरात बसून हलीमाने इद्रिसचं नाव मोठ्याने घेतलं आणि कुणी तिला गप्प केलं नाही, ते माझं घर.