गणपतीखालचा सांधा

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमचा गणपती दहा दिवसांचा. नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी वडिलांनी हौसेनं हलता देखावा केला. प्लायवूडवर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, बॅटरीवरची गाडी आणि मधोमध मूर्ती. वडील रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे, त्यामुळे देखाव्यात सांधा हवाच.

मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली आणि पहिल्याच फेरीत गाडी सांध्यावर घसरली. सांध्याचं सरकतं पातं रुळाला नीट टेकत नव्हतं. त्या फटीत चाकाची कड शिरायची आणि डबे आडवे. एक स्क्रू आवळला की भागलं असतं, पण तो नेमका मूर्तीच्या पाटाखाली. बसवलेला गणपती उत्तरपूजेआधी हलवायचा कसा? जन्मभर सांधे बदलणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये!

मग टेबलाखाली मी. आयटीआय करून वर्षभर घरी बसलेला. पडद्याआड गुडघे पोटाशी घ्यायचे आणि गाडी आली की खालून प्लायवूडच्या भोकातून बोटानं पातं दाबून धरायचं. उदबत्तीच्या धुरानं जीव घुसमटायचा. वर कॉलनीतली पोरं टाळ्या पिटायची.

त्याच संध्याकाळी शिरूरचे मामा दर्शनाला आले. सणसवाडीच्या कारखान्यात माझ्यासाठी त्यांनीच शब्द टाकला होता.

"दाजी, पोराला परवा सोमवारी हजर व्हायला सांगितलंय. न्हाई गेला तर जागा गेली बघा."

"गणपती झाल्यावर बघू," वडील म्हणाले. "तवर रेल्वेची भरती निघंल."

मी ओरडणार तोच आरती सुरू झाली. असा संताप आला, की पातं सोडून द्यावं आणि पडू दे गाडी सगळ्यांसमोर. गाडी आली. बोटानं दाबलंच.

सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा पाहुणे आले, म्हणून वडील स्वतः टेबलाखाली शिरले. बाहेर आले ते कंबर धरून. दुपारी त्यांनी उत्तरपूजा मांडली.

"अहो, आपला दहा दिवसांचा हाय!" आई घाबरली.

"औंदा दीड." पूजा आटोपून त्यांनी मूर्ती पाटावर जराशी हलवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅग भर."

भीमेवर विसर्जन करून आलो. वडिलांनी पाट उचलला, स्क्रू आवळला आणि गाडी सोडली. रिकाम्या मखरापुढं ती सांध्यावरून बिनबोभाट गेली. पुन्हा गेली. बघायला आम्ही तिघंच होतो, आणि बटण बंद करायला वडिलांचा हात काही पुढे होईना.